उजवीकडून दहा अक्षरं

मुरूमच्या बाजार गल्लीत माझं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, ‘गौरीशंकर कॉम्प्युटर्स. क्लास, झेरॉक्स, सातबारा, लग्नपत्रिका, सर्व प्रकारचे ऑनलाइन अर्ज.’ कोपऱ्यात माझा टाय घातलेला फोटो आहे. टाय फोटो स्टुडिओवाल्याचा होता, फोटो झाल्या झाल्या त्यानं गळ्यातून काढून घेतला. गावात मला ‘एक्सेलवाले सर’ म्हणतात. म्हणतात म्हणजे, त्यांनी म्हणावं म्हणून मी सतरा वर्षं खपलोय.

ही गोष्ट महानंदाक्कांची आहे. पण तिच्यातलं गाढव मी आहे, म्हणून सुरुवात माझ्यापासून केली.

महानंदाक्का आमच्याच गल्लीत राहतात. गावात पूर्वी एक बाळंतपणाचा दवाखाना होता, तिथं त्यांनी तीस वर्षं आयाचं काम केलं. मी जन्मलो तेव्हा मला पहिली आंघोळ त्यांनीच घातली, आणि हे त्या चार माणसांत सांगतात. डॉक्टर म्हणाले, ‘रक्त लागेल,’ की नातेवाईक रडायला लागायचे आणि अक्का चपला घालायच्या. कुणाचं रक्त कोणतं, हे आधी त्यांच्या डोक्यात होतं. मग डोकं पुरेना म्हणून त्यांनी एक जाड पुठ्ठ्याची वही केली. लग्नात पंगतीला बसलेल्या पाहुण्याला त्या ताटावर विचारायच्या, “तुमचं रगत कंचं?” माझी मेव्हणी बघायला जे पाहुणे आले होते त्यांचंही अक्कांनी लिहून घेतलं. सोयरीक जमली नाही, पण त्यातल्या दोघांनी पुढं रक्त दिलं. डॉक्टर वारले, दवाखाना बंद पडला, अक्का पासष्ट वर्षांच्या झाल्या. वही चालूच राहिली. आता उमरग्याच्या दवाखान्यांतून फोन येतो तो अक्कांनाच.

वहीत एका माणसाला एक ओळ. आधी नाव, मग ठिकाण, मग रक्तगट, मग मोबाईल नंबर, मध्ये स्वल्पविराम. बहुतेक ओळी तिथंच संपायच्या. पन्नास-साठ ओळींत मात्र नंबरानंतर एक शब्द आणि त्यापुढं आणखी एक नंबर असायचा. शब्द कसले? ‘गिरणी’, ‘जावई’, ‘पानपट्टी’, ‘मोटार’. मला ते शब्द दिसले होते बरं का. दिसले नव्हते असं म्हणायला मला तोंड नाही.

गेल्या दिवाळीनंतर अक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, आणि उमरग्याच्या एका डॉक्टरांनी सुचवलं की ही यादी कॉम्प्युटरवर असेल तर बरं. झालं! माझ्या अंगात आलं. मी म्हणालो, “अक्का, तीन दिवसांत करून देतो. फुकट.” आता एक कबूल करून टाकतो. रक्तदानाचे बॅनर मी छापतो, प्रमाणपत्रं छापतो, त्यांवर लाल थेंबाचं चित्रही मीच बसवतो. पण आजवर मी रक्त एकदाही दिलेलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी शाळेतल्या शिबिरात गेलो होतो. दुसऱ्याच्या दंडाला सुई लागताना बघितली आणि मी आडवा झालो. मला शुद्धीवर आणायला जो कांदा फोडला तो शाळेच्या खिचडीतला होता. तेव्हा रक्त नाही तर नाही, निदान फॉर्म्युला तरी देऊ, असं मनात होतं.

क्लासमधल्या दोन मुलींनी वहीतल्या ओळी जशाच्या तशा टाइप केल्या. चारशे बारा ओळी, एका घरात एक ओळ. त्यांनी विचारलं होतं, “सर, नाव, गट, नंबर वेगवेगळ्या कॉलममध्ये टाकू का?” मी हसलो. “ते मी काढतो. त्यालाच तर एक्सेल म्हणतात.”

मग मी बाह्या सरसावल्या. हुशारी दाखवायची ती सगळी दाखवली. लेफ्ट म्हणजे डावीकडून अक्षरं काढायची, राइट म्हणजे उजवीकडून, मिड म्हणजे मधली. पहिल्या झटक्यात ‘कोंडीराम’ चार अक्षरी धरून लेफ्ट चार दिलं, तर नुसता ‘कोंड’ आला, कारण कॉम्प्युटर काना, मात्रा, अनुस्वार सगळं सुटं मोजतो. महानंदा चारावर तोडली तर ‘महान’ उरलं, ते मात्र बरोबर होतं. मग अक्षरं मोजणं सोडून मी पहिला स्वल्पविराम शोधून त्याच्या अलीकडचं सगळं घेतलं. नावं आली. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्वल्पविरामाच्या मधलं मिडनं काढलं. रक्तगट आले. राहिला मोबाईल. मोबाईल शेवटाला असतो आणि दहा आकडी असतो. यात विचार काय करायचा? राइट, दहा. एंटर. खालपर्यंत ओढलं, चारशे बारा नंबर खळाखळा उतरले.

मी कच्चा गडी नाही. तपासलंसुद्धा. शेजारच्या कॉलमात लेन टाकलं, म्हणजे प्रत्येक नंबर किती अक्षरांचा आहे ते मोजलं. सगळीकडं दहा. मी बायकोला, भुवनेश्वरीला, हाक मारून दाखवलं. “बघ, एकही चूक नाही.” आता तुम्हीच सांगा, उजवीकडून दहा अक्षरं तोडून घ्यायची आणि मग ती दहाच आहेत का हे मोजायचं, याला काय म्हणायचं? दहा मागितले, दहा दिले, दहा भरले. सतरा वर्षांचा अनुभव!

मग फॉर्म्युले काढून नुसती उत्तरं ठेवली, मूळ ओळींचा कॉलम उडवून टाकला आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. स्लॅब पक्का झाल्यावर सेंट्रिंगच्या फळ्या ठेवतं का कोणी?

छापलेली यादी अक्कांनी चष्म्यासमोर धरली, मग लांब धरली, मग परत जवळ.

“गौरीशंकर, मधला शब्द कुठं गेला रे?”

“ते जादा होतं, अक्का. काढलं.”

“जादा कसं? कोंडीरामपुढं मोटार लिवलं हुतं म्या.”

“अक्का, त्याची मोटार आहे का जीप आहे, आपल्याला काय करायचंय? रक्ताशी मतलब.”

“आरं, पण ऐक तरी…”

“तुम्ही आता निवांत राहा. सगळं यात आहे.”

मी त्यांच्या हातातून वही घेतली आणि दुकानातल्या काचेच्या शोकेसमध्ये, मोबाईलच्या कव्हरांच्या वरच्या कप्प्यात, लाल मखमलीवर ठेवली. खाली चिठ्ठी छापून लावली, ‘ऐतिहासिक रक्तवही’. कुलूप घातलं. किल्ली कुठं ठेवली ते त्याच संध्याकाळी विसरलो.

दोन महिने काही झालं नाही. म्हणजे जे फोन आले ते साध्या गटांचे होते, निभावलं.

जानेवारीतला मंगळवार. सकाळचे अकरा वाजले असतील. शरणम्मा दुकानात आली. ती वरच्या गल्लीत पापड-शेवया करून विकते, माझ्याकडं तिच्या लेबलांची छपाई असते. मला वाटलं लेबलं संपली. पण तिच्या पायांत चपला दोन जातीच्या होत्या.

“सर, सृष्टीला उमरग्याला नेलंय. बाळ आडवं हाय. पोट कापावं लागंल म्हंत्यात, अन् रगत लई कमी हाय तिचं. बी निगेटिव्ह. एक पिशवी मिळाली, दुसरी दोन वाजायच्या आत पायजे. जावई तिथं थांबलाय. म्या अक्काकडं आले, तर अक्काच्या दाराला कुलूप.”

सृष्टी तिची एकुलती एक मुलगी. माझ्याच क्लासला होती, टायपिंगमध्ये हुशार. अक्का भाचीच्या लेकीला घेऊन पहाटेच तुळजापूरला दर्शनाला गेल्या होत्या. मी त्यांना फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. रांगेत असणार.

“काळजी करू नका, बसा,” मी म्हणालो. “वहीतलं सगळं आता यात आहे.”

शरणम्मानं कॉम्प्युटरच्या पडद्याला हात जोडले. खरंच जोडले. मीही तिला जोडू दिले.

बी निगेटिव्ह चाळणी लावली. चारशे बारांत सात निघाले. मी फोनवर फोन सुरू केले. एक पुण्यात कंपनीत. एक हैदराबादला लेकाकडं. एकानं महिन्यापूर्वीच दिलेलं, तीन महिने झाल्याशिवाय घेत नाहीत. एकाला नुकतीच कावीळ होऊन गेलेली. एकाचं वय सदुसष्ट. एक नंबर बंद. उरला कोंडीराम. शेतकरी गडी, आलूरच्या रस्त्याला मळा, आठ वेळा रक्त दिलेला. त्याला लावला.

एकच रिंग वाजली, फोन उचलला गेला, पलीकडं ‘टुक’ असा आवाज झाला आणि फोन कट.

परत लावला. टुक. कट.

तिसऱ्यांदा लावला. टुक, कट.

मी बंद नंबर पुन्हा लावून बघितला, अक्कांना पुन्हा लावून बघितलं, त्यात दहा-पंधरा मिनिटं गेली. मग परत कोंडीराम. चौथ्यांदा, पाचव्यांदा, सहाव्यांदा. माझं डोकं फिरलं. मोजून अकरा वेळा लावला, आणि अकरा वेळा त्यानं शब्द न बोलता तोंडावर कापला. मी फोन टेबलावर आपटला आणि शरणम्माला म्हणालो, “त्याला द्यायचंच नाहीये. नंबर बघून कापतोय. अशी माणसं असतात, बघा. आठ वेळा दिलं म्हणजे माज येतो.”

शरणम्मा पदराचं टोक दाताखाली धरून बसली. मग हळूच म्हणाली, “सर, अक्काच्या वहीत बघा की एकडाव.”

“वहीत जे होतं तेच यात आहे,” मी म्हणालो. वही माझ्या डोक्यापासून चार फुटांवर होती. काचेच्या आत, मखमलीवर.

बाराला दहा मिनिटं कमी असताना अक्कांचा फोन आला. मागं देवळातल्या गर्दीचा कल्लोळ. मी सगळं सांगितलं आणि शेवटी कोंडीरामाची तक्रारही केली.

“कुठल्या नंबरावर लावलास?”

मी नंबर वाचला.

“आन् कितींदा लावलास?”

“अकरा वेळा.”

“यव्वा!” अक्का ओरडल्या. “गौऱ्या, ती मोटार हाय त्याची! विहिरीवरची! मोटारीला सिमकार्ड बसवलंय न्हाय का त्यानं!”

आमच्याकडं विहिरीच्या मोटारीला मोबाईलवाला स्टार्टर बसवतात. पेटीत सिमकार्ड असतं. फोन केला की मोटार चालू, परत केला की बंद. घरी बसून पाणी देता येतं. मुरूमच्या मिस्त्रीनं बनवलेल्या स्वस्तातल्या पेटीला तर कुणाचाही फोन चालतो. हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. म्हणजे सकाळपासून मी एका माणसाला नाही, एका विहिरीला शिव्या देत होतो.

अक्कांनी भराभरा सांगितलं. कोंडीराम मळ्यात फोन नेत नाही, तीन फोन पाटात पडून भिजले तेव्हापासून नेत नाही. म्हणून त्याचं आणि अक्कांचं ठरलेलं. अक्का मोटारीला तीनदा फोन करणार. मोटार बंद, चालू, बंद झाली की कोंडीरामनं समजायचं, रक्ताचं बोलावणं आहे, आणि हातातलं काम टाकून मुरूमला निघायचं. सहा वर्षं असंच चाललंय, एकदाही चुकलेलं नाही.

“थांब, मीच लावते आता,” अक्का म्हणाल्या. दोन मिनिटांनी परत फोन आला. “बंद येतंय रे. त्यानं पेटीच उपसली असंल. अकरा डाव उघडझाप केल्यावर दुसरं काय करंल माणूस? त्याचा खरा नंबर पहिला हाय, वहीत. वही काढ.”

वही काढ! शोकेसला कुलूप, किल्ली बेपत्ता. मी गल्ला उलथा केला, ड्रॉवर उलथे केले, मग वजनाचा दगड उचलला काच फोडायला. भुवनेश्वरी आतून आली, माझ्या हातातला दगड घेतला, शोकेसच्या मागं गेली आणि मागची प्लायवुडची फळी बाजूला सरकवली. ती फळी पहिल्यापासून सरकतच होती म्हणे.

“विचारायचं तरी,” ती म्हणाली.

पहिल्या नंबरावर कोंडीरामची बायको, मथुराबाई, बोलली. “ते मळ्यात हायत. मोटारीला भूत लागलंय म्हनत सकाळधरनं शिव्या देतेत. मळा घरापस्नं लांब हाय, मला गुडघ्यानं जाववत न्हाय. तुमीच जावा बिगी बिगी.”

शरणम्माला मी उमरग्याच्या जीपमध्ये बसवलं आणि मोटरसायकलला किक मारली. सव्वाबाराला मळ्यात पोचलो. त्या आठवड्यात दिवसाची लाईट होती, पण हरभऱ्याचं पाणी बंद पडलेलं. कोंडीराम विहिरीजवळ उकिडवा बसलेला, पुढं स्टार्टरची पेटी उघडी, तोंडात टेस्टर. पन्नाशीचा, काटक, कपाळावर चिखल.

“कंपनीचा मानूस का तुमी?” त्यानं टेस्टर काढून विचारलं.

“नाही. मी गौरीशंकर. मुरूमचा कॉम्प्युटरवाला. सकाळपासून तुमच्या मोटारीला फोन करत होतो, तो मीच.”

तो उठून उभा राहिला. “अकरा येळा?”

“तुम्ही मोजले?”

“मंग! मोटार माझी हाय. मोजणार न्हाय व्हय?” आणि त्यानं मला जी काही ऐकवली ती मी इथं लिहीत नाही. माझे वडील बिचारे त्यात विनाकारण आले. मी मध्येच ओरडलो, “अक्कांचं बोलावणं आहे! बी निगेटिव्ह! बाळंतीण अडलीय, दोन वाजायच्या आत उमरग्याला पोचायचंय!”

कोंडीराम तोंड उघडं ठेवून थांबला. मग पाटात हातपाय धुतले, झाडाला अडकवलेला सदरा घातला आणि माझ्या मागं बसला. पेटी तशीच उघडी टाकली.

रस्त्याला लागल्यावर मागून म्हणाला, “म्या आलो हुतो.”

“कुठं?”

“हितंच, रस्त्यावर. तिसऱ्यांदा मोटार बंद झाली तवा समजलो, अक्काचं बोलावणं. हात धुतले, रस्त्यावर येऊन हुबा राह्यलो. जीप आली. एक पाय जीपमधी टाकला, तेवढ्यात मागनं धडधड. मोटार चालू! म्हनलं, हे अक्काचं न्हाय. अक्का तीनावर चौथा कधी करत न्हाईत. जीप सोडली, म्हागारी आलो. मंग सुरूच, बंद-चालू, बंद-चालू. म्हनलं पेटी जळाली.”

मी गाडी चालवत होतो म्हणून त्याला माझं तोंड दिसलं नाही. तिसऱ्या फोनवर थांबलो असतो तर तो साडेअकराला मुरूमला माझ्या दुकानापुढं उभा असता. तो यायला निघालेला असताना मी त्याला परत पाठवला, आणि वर शरणम्माला सांगितलं की त्याला द्यायचं नाही.

उमरग्याला पोचायला सव्वा वाजला. तपासण्या, सह्या, मग कोंडीराम बाकड्यावर आडवा झाला, मूठ उघडत-मिटत छताकडं बघत राहिला. तिथला टेक्निशियन माझ्याकडं वळला. “तुम्ही पण देताय का? गट कोणता?”

“ओ पॉझिटिव्ह,” मी म्हणालो. “पण मला जरा गाडीचं बघायचंय.”

बाहेर येऊन मी गाडीचं बघितलं. गाडीला काही झालेलं नव्हतं. तरी पाच मिनिटं बघितलं.

पिशवी आत गेली तेव्हा सव्वादोन झाले होते. डॉक्टर दोनपासून हात धुऊन थांबलेल्या. ती पंधरा मिनिटं माझी होती. आयुष्यात मी फार मोठं काही केलं नाही, पण ती पंधरा मिनिटं विसरू म्हटलं तरी विसरत नाहीत. शरणम्मा ऑपरेशनच्या दारासमोर जमिनीवर बसलेली, ओठ हलत होते. जावई भिंतीला डोकं टेकून उभा. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. सृष्टीला काही झालं तर, एवढाच विचार घुमत होता, आणि त्याच्या पुढं विचार जात नव्हता.

पावणेचारला नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती. बाळाची आई शुद्धीवर येत होती, रक्त चढत होतं, धोका टळला होता. शरणम्मा उठली ती सरळ कोंडीरामकडं गेली. त्याचे दोन्ही हात तिनं आपल्या कपाळाला लावले. “यप्पा, तू आलास,” एवढंच म्हणाली. कोंडीराम लाजून हात सोडवायला लागला. “आलो म्हंजी काय? बोलावल्यावर येनार न्हाय व्हय?” मी त्याच्याबद्दल जे बोललो होतो ते तिनं त्याला सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मला माझी लई लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी यादी नव्यानं करायला बसलो. लेफ्ट नाही, राइट नाही. भुवनेश्वरी वही वाचणार, मी टाइप करणार. नाव, ठिकाण, गट, स्वतःचा नंबर, बोलावण्याचा नंबर आणि तो कुणाचा आहे तो शब्द. ‘गिरणी’ म्हणजे गिरणीवाल्याला सांगितलं की तो निरोप देतो. ‘पानपट्टी’ म्हणजे संध्याकाळी सहानंतर. एकेक शब्द विचारायला मी अक्कांकडं पळत होतो, आणि त्या एकेक सांगत होत्या. ‘मी तेव्हाच म्हणाले होते’ असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

एकशे सत्त्याऐंशीव्या ओळीला भुवनेश्वरी थांबली.

“वाच की.”

“वाचू?”

“मग? तिसरी कोण वाचणार आहे इथं?”

तिनं वाचलं. “गौरीशंकर कलशेट्टी, बाजार गल्ली, ओ पॉझिटिव्ह…” मग माझा नंबर. आणि नंबरानंतर, वेगळ्या शाईनं, मागाहून लिहिलेलं, “सुईला भितो, विचारू नये.”

शिबिरात मी पडलो त्या दिवसानंतर अक्कांनी ते लिहिलेलं असणार. सगळ्या वहीत नंबराच्या पुढं निरोप्याऐवजी शेरा लिहिलेला माणूस मी एकटाच. मी झटकन जुनी यादी उघडली. उजवीकडून दहा अक्षरं! माझ्या नावासमोर, मोबाईलच्या कॉलमात, चारशे अकरा नंबरांच्या मध्ये छापलेलं होतं, ‘विचारू नये’. बोटांवर मोजलं, काना-मात्रा आणि मधली मोकळी जागा धरून. बरोब्बर दहा. लेननंही दहाच सांगितलेलं. आणि ही यादी मी उमरग्याच्या सात दवाखान्यांना स्वतःच्या हातानं वाटली होती, वर टायवाला फोटो छापून.

“तू बघितलं होतंस?” मी भुवनेश्वरीला विचारलं.

“पहिल्याच दिवशी.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं तुम्हीच लिहिलंय.”

मी वही काखेत मारून अक्कांकडं गेलो. त्या ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. ती ओळ त्यांच्यापुढं धरली.

“अक्का, हे खोडा.”

त्यांनी चष्मा पुसला, वाचलं. “का? खोटं हाय का?”

“खोटं नाही.”

“मंग?”

“असं लिहिलेलं बरं दिसत नाही.”

“दिसायला लिवत न्हाय मी,” अक्का म्हणाल्या. “रातीअपराती एखाद्याला गरज पडली, अन् तुला विचारण्यात त्येचा येळ गेला, तर? म्हणून लिवलं. तुझ्यावर राग न्हाय रे. माणूस जसा हाय तसा म्हाईत असला म्हंजी गैरसोय होत न्हाय.” मग एक शेंग माझ्या हातावर ठेवली. “खोडायचं असंल तर आधी दे. वहीत आगाऊ लिवत न्हाय मी.”

शुक्रवारी अक्का आणि मी एसटीनं उमरग्याला गेलो. तोच टेक्निशियन. मला बघून म्हणाला, “गाडी बरी आहे का?” मी बाकड्यावर आडवा झालो, तोंड भिंतीकडं केलं, डोळे गच्च मिटले आणि अक्कांचा हात धरला. पासष्ट वर्षांच्या बाईचा हात, मी सत्तेचाळीस वर्षांचा. घामानं सदरा ओला झाला. बराच वेळ दात आवळून ठेवल्यावर मी विचारलं, “संपलं का?”

“अजून कापूस लावतोय,” टेक्निशियन म्हणाला.

त्यानंतर खरंच टोचलं. मी एक आरोळी ठोकली, ती बाहेर बसलेल्या लोकांना ऐकू गेली असं मागून कळलं. पण पडलो नाही. पिशवी भरली. बिस्किटाचा पुडा आणि चहा मिळाला. प्रमाणपत्र मिळालं, ते माझ्याच दुकानात छापलेलं होतं.

एसटीत बसल्यावर अक्कांनी पिशवीतून वही काढली, मांडीवर उघडली, एकशे सत्त्याऐंशीवी ओळ बोटानं शोधली आणि पेन उघडलं. गाडी हलत होती, तरी सरळ रेघ ओढली. मी वाकून बघितलं. ‘विचारू नये’ खोडलं होतं. ‘सुईला भितो’ तसंच ठेवलं होतं.

“अक्का, ते पण खोडा की.”

“का?” अक्कांनी वही मिटली. “ते तर खरंच हाय.”